शेवटी आलेल्यानं शर्यत सांगायची

दुपारचं जेवण झाल्यावर डोळा लागला की मला अजून गिरणा नदीची वाळू दिसते. तापलेली नव्हे, सकाळची गार, तळव्याला जराशी ओलसर लागणारी. मी पळत असतो आणि माझ्यापुढं कोणी नसतं. कडेला टरबुजांच्या वाड्या आहेत, बाया हंडे भरताहेत, हे मला ठाऊक असतं. पण त्या दिसत नाहीत. दिसते ती फक्त पुढची पांढरी वाट. जाग आली की घटकाभर कळत नाही, हे स्वप्न होतं की आठवण. बहुधा आठवणच असावी. लहानपणी मी ज्या शर्यती पळालो त्यांतली एकही मला याहून जास्त दिसलेली नाही. मी नेहमी पहिला यायचो.

आमच्या गावाहून बैलगाडीनं धरणगाव गाठायला अख्खी सकाळ खर्ची पडायची. चहूकडे कपाशी, एका अंगाला नदी, आणि गावाच्या टोकाला लोकल बोर्डाची शाळा. शाळा म्हणजे धाब्याची एक लांबट खोली आणि पुढं कडुनिंब. चारही इयत्तांना मिळून एकच गुरुजी. ते धुळ्याकडचे. अंगानं स्थूल, चार पावलं भराभर चालले तरी धाप लागायची. डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू येई. म्हणून कोणी बोलायला लागलं की ते उजवा कान पुढं करायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. नव्या पोरांना वाटायचं, गुरुजींना झोप लागली. मग मध्येच ते मिटल्या डोळ्यांनी विचारत, "मग?" आणि पोरगं दचकायचं.

शनिवारी सकाळची शाळा असे. पाढे झाले की गुरुजी आम्हाला पळायला सोडत. कडुनिंबापासून निघायचं, गुरांच्या पाण्याच्या हाळावरून नदीच्या उतारानं खाली जायचं, वाळू ओलांडून मरीमायच्या दगडाला हात लावायचा आणि परत यायचं. मी पहिला, कुंभाराचा मुलगा दुसरा, हे ठरल्यासारखंच होतं. तो माझा जिवाभावाचा मित्र. आणि सर्वांत शेवटी यायची शिंप्याची मुलगी. तिचे आईवडील दिवसभर मशीनवर बसलेले, म्हणून धाकटा भाऊ तिच्याच कडेवर असे. शाळेत तो मांडीवर आणि शर्यतीत कडेवर. गुरुजींनी तिला कधी अडवलं नाही. तिलाही पळायची हौस होती.

एका शनिवारी आम्ही सगळे येऊन, माठातलं पाणी पिऊन, धाप ओसरून बसलो, तेव्हा कुठं ती उतार चढून वर आली. पोरांनी चेष्टेनं टाळ्या वाजवल्या. ती कडुनिंबापाशी येऊन उभी राहिली, भावाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि खाली बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

गुरुजींनी टाळ्या थांबवल्या नाहीत. पोरं आपोआप गप्प होईपर्यंत थांबले आणि मग तिच्याकडे कान करून म्हणाले, "पोरी, तू सगळ्यांच्या मागं होतीस. म्हणजे सगळी शर्यत तुला एकटीलाच दिसली. मी तर इथं बसून होतो. काय काय झालं ते मला सांग बघू."

ती आमच्या अहिराणीत, पुटपुटत, सांगायला लागली. आम्ही निघालो तेव्हा कडुनिंबावरचे होले एकदम उडाले आणि आम्ही उतारावर पोचेपर्यंत परत येऊन बसले सुद्धा. हाळापाशी आम्ही उडवलेली धूळ सगळे निघून गेल्यावरही तशीच लोंबकळत राहिली होती, तिच्यातून जाताना तिच्या भावाला शिंक आली. कुंभाराच्या मुलाची टोपी वाळूत पडली आणि ती घ्यायला तो मागं वळला. दोघा पोरांनी दगडाला हात लावलाच नाही, टरबुजाच्या वाडीपासूनच ते परत फिरले. वाडीवालीनं त्यांना शिव्या घातल्या आणि मग स्वतःच हसली. मरीमायच्या दगडापाशी पोचल्यावर तिच्या भावालाही हात लावायचा होता, म्हणून तिनं त्याला खाली ठेवलं. त्यानं दोन्ही हात लावले आणि डोकंही टेकलं.

ती दोन पोरं माना खाली घालून बसली होती. गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मिटल्या डोळ्यांनी त्यांनी विचारलं, "आणि पहिला आला तो कसा पळत होता?"

"तोंड उघडं टाकून," ती म्हणाली. "आणि त्याचे तळवे पांढरे दिसत होते."

सगळे हसले. मीही हसलो, पण ते तळवे माझ्या मनात राहिले. ते मला कधीच दिसले नव्हते. त्या दिवशी घरी जाऊन मी ओट्यावर पाय वर करून पाहिले, तर ते नुसते मळके होते.

तिथून रीतच पडली. शेवटी आलेल्यानं शर्यत सांगायची. पुढच्या शनिवारी दुसरं कोणी मागं राहिलं, मग तिसरं कोणी. काहींना मुळीच सांगता यायचं नाही. अशी पोरं दोन वाक्यं बोलून गप्प होत आणि गुरुजी "बरं" म्हणून सोडून देत. काही जण पदरचं घालून सांगत. पण शिंप्याच्या मुलीसारखं कोणाला सांगता येत नसे. ती बोलायला लागली की आम्ही सगळे, तिच्या तोंडून, पुन्हा एकदा त्या वाळूतून जायचो, आणि या खेपेला हळू. मी स्वतः पळून आलेली वाट मला तिच्याकडून कळायची. नदीच्या मधल्या धारेत एक खंड्या रोज त्याच काठीवर बसतो, हे मला तिनंच सांगितलं.

पुढं गंमत अशी झाली की पोरांना शेवटी यायचीच चटक लागली. थंडीच्या दिवसांतला एक शनिवार मला आठवतो. निघालो खरे, पण उतारावर सगळे रेंगाळले. तू हो पुढं, नाही तू हो, असं चाललं. मी माझ्या सवयीनं पळत गेलो आणि परत आलो. वाटेत मला ही मंडळी उभीच भेटली. अखेर एकजण हाळामागं लपून बसला, सगळे येऊन गेल्याची खात्री करून ऐटीत वर आला आणि गुरुजींपुढं उभा राहिला.

"सांग," गुरुजी म्हणाले.

त्यानं तोंड उघडलं आणि त्याला काही सुचेना. गुरुजींनी वाट पाहिली. उन्हं अंगणात पुढं सरकली. मग त्यांनी डोळे उघडले. रागावले नव्हते, पण चेहरा उतरला होता.

"हरायचं म्हणून जो हरतो त्याला काही दिसत नाही," ते म्हणाले. "तो सगळा वेळ फक्त एवढंच बघतो, की आपल्या मागं कोणी उरलं तर नाही ना. छाती फुटेस्तोवर पळा. आणि मग मागं राहिलात तर मला सांगा."

त्या दिवशी शर्यत कोणी सांगितली नाही. आम्ही मुकाट घरी गेलो. नंतरच्या शनिवारपासून सगळे जीव खाऊन पळू लागले. मला मात्र कधी सांगायला मिळालं नाही. कधी कधी वाटायचं, आज मागं राहून बघावं. पण पाय ऐकत नसत.

चौथीच्या वर्षी गुरुजींनी आम्हा दोघांना, मला आणि कुंभाराच्या मुलाला, जळगावच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवायचं ठरवलं. ती मिळाली तर जळगावात राहून इंग्रजी शाळेत शिकायला मिळणार होतं. आमच्या घरी हे ठरल्यातच जमा होतं. माझे वडील, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं आणि आम्हीही, ते बाजाराच्या दिवशी भेटेल त्याला सांगायचे की पोरगा जळगावला चालला. मायनं अंथरूणही बांधायला काढलं होतं. मित्राच्या घरी मात्र कोणी काही बोलत नव्हतं. तो तसा सावकाश गडी. पाटीवरचं गणित पुसायचा आणि पुन्हा तेच मांडून बघायचा. मला त्याची गंमत वाटायची.

परीक्षेला गुरुजी, आबा आणि आम्ही दोघं असे गेलो. धरणगावपर्यंत गाडी, तिथून आगगाडी. जळगाव मी पहिल्यांदाच पाहत होतो. कापसाचा हंगाम होता. सरकी काढणाऱ्या जिनांचे भोंगे एकामागून एक वाजत होते आणि साऱ्या रस्त्यावर हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. ते तारेच्या खांबांवर, घोड्यांच्या आयाळीत, माणसांच्या फेट्यांवर अडकलेले होते. आबांच्या मिशीलाही एक चिकटला होता आणि तो काढावा असं कोणालाच वाटलं नाही. सगळं शहर जणू कोणीतरी नुकतंच पिंजून ठेवलं होतं. मी त्यातून चालत होतो आणि मला वाटत होतं, आता इथंच तर राहायचंय.

परीक्षेची खोली मोठी होती, खिडक्यांना काचा. मी भराभर लिहिलं. शेवटचं गणित झालं तेव्हा मान वर करून पाहिलं, तर सगळ्या टोप्या अजून वाकलेल्याच होत्या. अंगावरून मोरपीस फिरावं तसं वाटलं. मी उठलो, पेपर दिला आणि बाहेर आलो. बाहेर चिंचेखाली आबा बसले होते. पहिला बाहेर आलेला आपला पोरगा पाहून त्यांनी मला गोडी शेव घेऊन दिली. ती खात मी खिडकीतून आत बघत राहिलो. मित्र सदऱ्याची कॉलर चावत होता, पुन्हा पुन्हा बोटं मोजत होता. पार शेवटी, मास्तरांनी पेपर ओढून घेतला तेव्हा, तो उठला.

निकाल लागला तेव्हा कापूस वेचून घरात आला होता. आमच्या मधल्या खोलीत आढ्यापर्यंत ढीग लागला होता. गुरुजी धरणगावला जाऊन आले. त्यांची गाडी गावात शिरली ती आधी कुंभारवाड्याशी थांबली. मी ओट्यावरून पाहत होतो. थोड्या वेळानं तिकडून बायांचे आवाज आले, कोणीतरी पोरांना गूळ वाटायला लागलं. आमच्याकडे कोणी येईना. तेवढ्यावरून मला समजलं.

मी आत गेलो आणि कापसाच्या ढिगात शिरलो. लहानपणी सगळीच पोरं तिथं खेळतात, पण मी खेळायला गेलो नव्हतो. कापसात खोल गेलं की सगळे आवाज मऊ होऊन येतात. जात्याची घरघर, बैलांच्या घुंगरमाळा, माय मला हाका मारते आहे, हे सगळं कुठल्या तरी लांबच्या गावात चाललंय असं वाटतं. उजेडही पांढरा, अंधुक. रडलो की नाही ते आठवत नाही. एवढं आठवतं, की मी तिथंच झोपायचो, उठून जेवायचो आणि परत तिथंच यायचो. शाळेत जायचं नाव काढलं नाही.

आबांनी आधी समजूत घातली. तपासणाऱ्यांनीच काही घोळ केला असेल, म्हणाले. मग पुढच्या वेळी बघू म्हणाले. मग बैल जुंपलेली एक छोटी खेळण्यातली गाडी करून देतो म्हणाले. मी हूं की चूं केलं नाही, तेव्हा रागावले. माय ताट आणून कापसाच्या काठाशी ठेवायची आणि माझ्या केसांतले तंतू काढत बसायची.

काही दिवसांनी, दिवेलागणीच्या आधी, गुरुजी आले. आमच्या ओट्यावर बसले. आबांनी पाणी दिलं आणि ओशाळल्यासारखं काहीतरी बोलायला लागले. गुरुजी म्हणाले, "पोराला बोलवा. त्याची पाळी आहे."

मी बाहेर आलो. केसांत कापूस, डोळे सुजलेले.

"शेवटी आलेल्यानं सांगायचं," गुरुजी म्हणाले. "बैस."

मी म्हणालो की मी काही शेवटी आलो नव्हतो. तिथं पुष्कळ पोरं होती.

"तुझ्या लेखी तू शेवटीच आलास. नाहीतर कापसात कशाला निजला असतास? मी खोलीत नव्हतो. मला काही ठाऊक नाही. सांग."

आणि त्यांनी उजवा कान पुढं केला, डोळे मिटले.

पहिलं वाक्य फार जड गेलं. मग मी सांगत गेलो. भोंगे सांगितले, हवेतला कापूस सांगितला, आबांच्या मिशीतला तंतू सांगितला. आबांनी नकळत मिशीवरून हात फिरवला. खिडक्यांच्या काचा, शेजारच्या पोराची जरीची टोपी, त्याच्या दौतीचा वास. मण-शेराचं एक गणित होतं, ते मला बघताक्षणी आलं. "मग?" गुरुजी म्हणाले. मग मी वर पाहिलं, सगळे अजून लिहीत होते. "मग?" मग मी उठलो. सर्वांच्या आधी. "मग?" मग मी चिंचेखाली शेव खाल्ली आणि खिडकीतून बघत होतो. कुंभाराचा पोरगा बोटं मोजत होता. त्यानं एकच गणित तीनदा मांडलं. मांडलं, खोडलं, आणि परत मांडलं.

इथं मी थांबलो. माझ्याच तोंडून ते निघालं होतं आणि मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. मी गणित एकदाही परत पाहिलं नव्हतं. पाहायला वेळ होता. हातात शेव घेऊन मी तो वेळ खिडकीबाहेर उभा राहून काढला होता.

गुरुजींनी तात्पर्य काढलं असतं तर मी पुन्हा आत पळालो असतो. ते तसेच डोळे मिटून बसून राहिले. कडेच्या गोठ्यात बैल रवंथ करत होते. आणि मग, कोणी विचारलेलं नसताना, आबा बोलले.

"मी बी पडेल शे," आबा म्हणाले. "जत्रामा. बठ्ठा गावनासमोर."

लग्न ठरलं होतं तेव्हाची गोष्ट, सगळ्या गावादेखत घडलेली. आबांनी जत्रेत कुस्ती धरली, सलामीला हात मिळवला आणि दुसऱ्या क्षणी त्यांना वरचं आभाळ दिसलं. कसे पडलो ते त्यांना अजूनही कळलं नव्हतं. लंगोटावर सदरा चढवून ते आडवाटेनं कपाशीतून निघाले आणि उन्हं कलेपर्यंत वावरातच बसले. मग त्यांचे वडील तिथं आले. ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या, त्या दोघांनी मिळून खाल्ल्या आणि घरी आले.

आतून मायचा आवाज आला. चुलीपुढून ती सगळं ऐकत होती. "माले तं सांगेल व्हतं, कुस्ती बरोबरीमा सुटनी."

आबा खाली बघून हसले. मीही हसलो. कितीतरी दिवसांनी हसलो असेन, गालांना ते वेगळंच वाटलं. गुरुजींनी डोळे उघडले.

मायनं दाराशी येऊन विचारलं की पोराला पुन्हा बसता येईल का. त्यावर गुरुजी खरं ते बोलले. वयाची अट होती, पुढच्या वर्षी मी तिच्याबाहेर जाणार होतो. ही परीक्षा आता परत येणार नाही, असं त्यांनी माझ्याकडे बघत सांगितलं. पाचवीपासून शेजारच्या मोठ्या गावात शाळा आहे, चालत जावं लागेल. एवढं बोलून ते उठले आणि धापा टाकत गल्लीतून गेले. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो.

मित्र जूनमध्ये जळगावला गेला. त्याची वळकटी गाडीत मीच चढवली आणि गाडीबरोबर गावच्या शिवेपर्यंत गेलो. माझ्या मनातली असूया गेली होती असं मी म्हणणार नाही. ती होतीच. पण ती घेऊनही माणसाला गाडीबरोबर चालता येतं आणि हात हलवता येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या आखाजीला तो सुट्टीवर आला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे माहेरवाशिणींचा सण. गावातल्या सगळ्या कडुनिंबांना झोके बांधलेले, आणि भर दुपारीही कुठून ना कुठून गाण्याचा आवाज येतच असतो. शिंप्याच्या मुलीचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं, चाळीसगावकडे दिली. तिचा भाऊ आता स्वतःच्या पायांनी पळत होता.

मी आणि मित्र नदीत गेलो. उन्हानं धार आटून पोटरीएवढी झाली होती. आम्ही पाण्यात पाय सोडून बसलो. वाळूवरून वाफ उठत होती आणि पलीकडचा काठ तिच्यात हलत होता, जणू तोही वाहतोय. जळगाव कसं आहे, मी विचारलं. बरं आहे, म्हणाला. त्याच्या घरच्यांनाही तो हेच सांगत होता. झोक्यावरचं गाणं लांबून येत होतं, शब्द कळत नव्हते.

"मी वर्गात शेवटून दुसरा आहे," तो एकदम म्हणाला.

मला जे वाटलं ते गोड होतं. उन्हातून आल्यावर पहिला पाण्याचा घोट घशाखाली जावा तसं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, पाण्याकडे पाहत राहिलो.

"मग?" मी विचारलं.

मग तो सांगायला लागला. पहिल्याच दिवशी त्याला उभं करून धडा वाचायला लावला आणि 'आहे'च्या जागी त्याच्या तोंडून 'शे' निघून गेलं. तेव्हापासून सगळा वर्ग त्याला त्याच नावानं हाक मारतो. इंग्रजीची अक्षरं त्याला तशी येतात, पण मास्तर विचारून पुढं जातात, तो मनात जुळवेपर्यंत दुसऱ्यानं उत्तर दिलेलं असतं. बोर्डिंगात संध्याकाळी सगळे पटांगणावर जातात. तो गच्चीवर जातो. तिथून आगगाडीचा धूर दिसतो, आपल्याकडे येणाऱ्या गाडीचा. तो सांगत होता आणि माझ्या घशातली गोडी केव्हा विरली ते मला कळलंच नाही. मला ती गच्ची दिसायला लागली होती.

"तिथं शेवटी येणाऱ्याला कोणी काही विचारत नाही," तो म्हणाला.

ऊन उतरेपर्यंत तो बोलत राहिला आणि मी ऐकलं. मग आम्ही कपडे काढून त्या पोटरीभर पाण्यात आडवे पडलो, मोठी माणसं पडतात तसे, आभाळाकडे तोंड करून. परत जाताना तो जरा हलका दिसला. पुढं तो इंग्रजी चार यत्ता कसाबसा शिकला आणि रेल्वेत चिकटला. भुसावळला असतो. पत्र लिहायचा त्याला कंटाळा, पण भेटला की दोन दिवस बोलतो.

मी शेजारगावच्या शाळेत चालत जाऊन व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास झालो, आणि धुळ्याला मास्तरकीचं ट्रेनिंग करून तिथंच शाळेत लागलो. ते महायुद्धाचे दिवस होते. रॉकेल मिळायचं नाही, कापड मिळायचं नाही, पण पोरं होती तशीच होती. माझ्या वर्गात धावण्याच्या शर्यती झाल्या तेव्हा मी मोठ्या उमेदीनं गुरुजींची रीत सुरू केली. शेवटी एक मुलगी आली, नऊदहा वर्षांची, घारी. मी तिला पुढं बोलावलं आणि म्हणालो, सांग बघू, काय काय दिसलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तोंड झाकून रडायला लागली. वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. भांडली नाही. मास्तर, ती आधीच हळवी आहे, तिला असं सर्वांपुढं उभं करू नका, एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढचे बरेच दिवस मी विचार करत होतो, की माझं चुकलं कुठं. आमच्या गुरुजींनी रीत काढली नव्हती. त्यांनी एका पोरीचे भरलेले डोळे पाहिले होते, ती सगळं बघत चालते हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तिला विचारलं. रीत आम्ही पोरांनी केली. मी धुळ्याला ती रीत तेवढी आणली, आणि या घाऱ्या मुलीबद्दल मला नावापलीकडे काही ठाऊक नव्हतं.

मी ते बंद केलं. मधल्या सुट्टीत ती व्हरांड्याच्या कोपऱ्यात एकटीच डबा खायची. मीही माझी भाकरी घेऊन थोड्या अंतरावर बसायला लागलो. विचारत काही नव्हतो. पहिल्यांदा ती पाठ फिरवून बसायची. नंतर नंतर पाठ अर्धी वळली. पावसाळा लागला, पांझरा नदीला पूर आला, शाळेला सुट्टी झाली आणि परत भरली. अशाच एका भुरभुर पावसाच्या दुपारी, भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून, माझ्याकडे न बघता ती बोलायला लागली. पुराच्या दिवशी ती घराच्या माळवदावर उभी होती. पाण्यातून एक बाज वाहत आली आणि बाजेवर एक मांजर बसलं होतं. अंग चोरून, शेपटी पायाभोवती घेऊन, इकडं तिकडं बघत, जणू कुणाकडे पाहुणं चाललंय. पुलापाशी बाज गोल फिरली, तर मांजरानंही तिच्याबरोबर तोंड फिरवलं.

ती सांगत होती तेव्हा तिचा आवाज बदलला होता. मी भाकरी खायची थांबलो होतो. घंटा झाली, पोरं वर्गात पळाली, आम्ही दोघं बसूनच राहिलो.

पुढच्या शर्यतींत ती कितवी आली ते मला आठवत नाही. ते मांजर काठाला लागलं का, हे मात्र मी तिला विचारलं. ती म्हणाली, ते तिला दिसलं नाही. तेवढ्यात आईनं तिला जेवायला हाक मारली होती.